सात डागांचा पटका

१

कारभारी वाघचौरे लिंबाखाली मरून पडलेले सापडले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि विहिरीवरची मोटार अजून चालूच होती. दगडी हौद भरून कडेवरून पाणी सांडत होतं आणि पाटाने हरभऱ्यात चाललं होतं. द्वारकाबाई नवऱ्यासाठी चहाची किटली घेऊन आल्या. आधी त्यांना मोटारीचा आवाज आला, मग लिंबाखालचं धोतर दिसलं, आणि मग धोतराशेजारी उभा असलेला मुंजाबा.

मुंजाबा मेंढपाळ. लासूर स्टेशनकडून दर दिवाळीनंतर चितेगावच्या या पट्ट्यात उतरायचा आणि वाघचौऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा. बावीस वर्षं हा शिरस्ता होता. त्या सकाळी त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले होते आणि डोकं उघडं होतं. बावीस वर्षांत द्वारकाबाईंनी त्याला लाल पटक्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

किटली खाली पडली. "मारलं वं! माझ्या मालकाला मारलं!" बाई ओरडल्या आणि शिवार गोळा झालं.

मुंजाबा म्हणाला, "म्या आत्ताच आलो. आलो तवा गेलेलेच व्हते."

दुपारी तीन वाजता पोलिसांना मुंजाबाच्या बिऱ्हाडात, घोड्याच्या खोगिराखाली घोंगडीत गुंडाळलेला तो लाल पटका सापडला. तो जागोजागी रक्ताने ताठ झाला होता. आदल्याच दिवशी मेंढरं हरभऱ्यात घुसली म्हणून कारभारींनी मुंजाबाला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या, आणि मुंजाबाने कुऱ्हाड उगारली होती, असं पुतण्या शिवम सांगत होता. प्रयोगशाळेने कळवलं, पटक्यावरचं रक्त कारभारींचं, चिकटलेले पांढरे केसही कारभारींचेच. कुऱ्हाडीवर काही मिळालं नाही, तर धुतली असेल म्हणून पोलीस मोकळे झाले.

खुनाचा खटला उभा राहायला यापेक्षा जास्त काय लागतं?

२

दीड वर्षाने तो खटला सुलेखा तुपेच्या टेबलावर आला. मुंजाबाकडे वकील नव्हता, म्हणून विधी सेवा प्राधिकरणाने तिला नेमलं. पाच वर्षांच्या वकिलीत चोऱ्या, मारामाऱ्या, पोटगी सगळं झालं होतं. खून पहिलाच.

हर्सूलच्या तुरुंगात ती त्याला भेटली. साठीचा काटक माणूस, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. बोलताना त्याचा डावा हात सारखा डोक्यावर जायचा, चाचपायचा आणि काही सापडलं नाही म्हणून परत खाली यायचा.

"बाबा, पटका घोंगडीत कोणी लपवला?"

"म्याच."

"त्याला रक्त कसं लागलं?"

सुलेखाने पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, म्या त्यांना मारलं नाय. यवढं लिवून घ्या. बाकीचं इचारू नगा."

वकिलाला खोटं बोलणारा अशील परवडतो, गप्प बसणारा नाही. सुलेखा वैतागून बाहेर पडली. तरी तिच्या मनातून तो हात जाईना. खून करून पटका लपवणारा माणूस दीड वर्ष आपलं डोकं झाकायला धडपडेल कशाला?

घरी तिने कागद पहिल्यापासून वाचायला घेतले. पंचनाम्यात एक ओळ होती: एक चप्पल हौदाजवळ, दुसरी मयताच्या उजव्या पायात, तिच्या तळाला हिरवट चिकट डाग. शवविच्छेदनात एक ओळ होती: कवटीला जखम मागून उजवीकडे, मेंदूला ठेच पुढून डावीकडे. दोन्ही ओळींखाली तिने पेन्सिलने रेघ मारली. का मारली, ते तिला सांगता आलं नसतं.

३

"सोपी केस आहे," अभय सर म्हणाले. तीस वर्षं फौजदारी केलेला माणूस. साक्षीदार नुसता पिंजऱ्यात चढला की त्याच्या पायांवरून ते अंदाज बांधत. सुलेखा त्यांच्याच हाताखाली शिकली होती. "पटक्याच्या पाकिटावरचं सील बघितलंस? पंचाची सही एका तारखेची, सील दुसऱ्या तारखेचं. शिवाय तो पंच आता म्हणतो, मला काही आठवत नाही. पटका पुराव्यातून बाहेर काढ. पटका गेला की खटल्यात राहतं काय? शिव्या आणि उघडं डोकं. संशयाचा फायदा मिळेल, म्हातारा घरी जाईल."

"आणि शिवम?"

सरांचे डोळे चमकले. "तो तर देवाने दिलेला आहे. जमीन कंपन्यांच्या शेजारी, चुलता विकू देत नव्हता, पुतण्याला घाई. त्या सकाळी पहिल्या पाळीला कामावर होतो म्हणतो, आणि कंपनीच्या नोंदीत त्याची सुट्टी. नाव घ्यायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं."

सुलेखा चितेगावला गेली. शिवम कंपनीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. सुट्टीचा विषय निघताच त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, पैठणला गेलतो. दलालाला भेटायला. काकाला न सांगता." त्याने मान खाली घातली. "काका मेला त्या टायमाला मी त्याचीच जमीन इकायची बोलणी करत व्हतो. हे काकूला कसं सांगू? म्हणून पाळीचं खोटं बोललो."

"आणि मुंजाबाने कुऱ्हाड उगारली होती ते?"

शिवमने चहाचा पेला फिरवत ठेवला. "हातात व्हती. मेंढराकडं दाखवत व्हता. लोक इचारायला लागले तवा... उगारली असंच वाटायला लागलं."

तिथून ती वाघचौऱ्यांच्या घरी गेली. आरोपीची वकील म्हटल्यावर द्वारकाबाई उठून आत गेल्या नाहीत, एवढंच. खुंटीवरची कारभारींची पांढरी टोपी त्यांनी मांडीवर घेतली होती आणि बोलता बोलता ती आतून बाहेरून उलटसुलट करत होत्या. आतल्या शिवणीवर बावीस नंबरचा शिक्का होता.

"मुंजाबाला आम्ही भाकर वाढली बाई, बावीस वरीस," त्या म्हणाल्या. "मारलं तर मारलं. पण शेवटच्या घडीला त्यांनी पाणी मागितलं आसंल का? कुणी दिलं आसंल का? तेवढंच डोक्यात फिरतंय. एकटेच गेले वं माझे मालक."

निघताना सुलेखाने विहीर पाहिली. मोटार सुरू होती आणि हौदाच्या दगडी कडेवरून पाणी सांडत होतं. तिने वाकून बोट फिरवलं. कड हिरवीगार होती आणि साबणासारखी निसरडी.

४

सुलेखाचे वडील, अण्णा, गुलमंडीत एका कापड दुकानात छत्तीस वर्षं गादीवर बसले. आता गुडघे दुखतात म्हणून घरीच असतात, पण बोटं अजून दुकानातच आहेत. कोणाच्याही अंगावरचं कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

त्या संध्याकाळी सुलेखा हॉलमध्ये फरशीवर प्रयोगशाळेच्या अहवालाची झेरॉक्स पसरून बसली होती. प्रयोगशाळेने पटक्याचं रेखाचित्र काढलं होतं. सात मीटरची लांब पट्टी, तिच्यावर एका ओळीत सात डाग. पहिला तळहाताएवढा, मग लहान, मग त्याहून लहान, सातवा हरभऱ्याएवढा. अंतरं लिहिलेली: पहिल्या दोन डागांत छप्पन सेंटिमीटर, पुढे दर वेळी किंचित वाढत गेलेलं. प्रत्येक डागाच्या मधोमध चाचणीसाठी एक चौकोनी तुकडा कापून घेतलेला.

अण्णा पाण्याचा पेला घेऊन चालले होते. ते थांबले.

"कुठल्या ताग्याचा डाग हा?"

"तागा नाही अण्णा. पटका आहे. खुनातला."

"ते असू दे. गुंडाळलेला असताना डाग पडलाय. सुटा नव्हता." ते चष्मा शोधायला लागले. "तेलाचा एक थेंब गुंडाळलेल्या ताग्यावर पडला ना सुलू, तर तो पार आत उतरतो. दर वळशाला एक डाग, आणि दर डाग आधीच्यापेक्षा बारका. आम्ही ताग्याला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचो, किती मीटर कापून टाकावं लागेल. अंतर बघ. एक वळसा म्हणजे एक अंतर."

सुलेखाने पहिल्या अंतरावर बोट ठेवलं. "म्हणजे छप्पन सेंटिमीटर..."

"बावीस इंच. ज्याच्यावर गुंडाळलं त्याचा घेर." अण्णांनी कागद उलटा फिरवला. "मोठा डाग कुठल्या टोकाला आहे? काठाच्या की बिनकाठाच्या?"

तिने अहवाल वाचला. मोठा डाग बिनकाठाच्या टोकाजवळ होता, आणि केसही त्याच डागात चिकटलेले.

"पटका बांधताना बिनकाठाचं टोक आधी डोक्याला लागतं. काठ वर, लोकांना दिसायला," अण्णा म्हणाले. "रक्त बाहेरून उडालं असतं तर मोठा डाग काठाकडे पाहिजे होता. हे रक्त आतून बाहेर आलंय."

"म्हणजे मुंजाबाच्या टाळूतून?"

"टाळूतून येऊ दे, नाहीतर कुठून. कापड खोटं बोलत नाही बाळा, ते मी छत्तीस वर्षं बघितलंय."

सुलेखाने प्रयोगशाळेचा निष्कर्ष पुन्हा वाचला. रक्त पटक्याच्या आतल्या बाजूने आलं होतं, आणि ते मुंजाबाचं नव्हतं. याचा अर्थ एकच होता. पटका तेव्हा मुंजाबाच्या डोक्यावर नव्हताच. तो कारभारींच्या डोक्यावर होता, जखमेवर करकचून बांधलेला, आणि रक्त एकामागून एक सात थर ओलांडून बाहेर येत होतं. बघायला गेलं तर एक मळलेलं कापड. पण त्याने त्या सकाळचा क्षण न् क्षण सांभाळून ठेवला होता, आणि दीड वर्ष तो कोणी विचारलाच नव्हता. तिला एकदम हात जोडावेसे वाटले.

मग लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. पटका जर कारभारींच्या डोक्यावर बांधला होता, तर प्रेत सापडलं तेव्हा डोकं मोकळं कसं?

५

बानाबाई, मुंजाबाची बायको, लासूर स्टेशनच्या अलीकडे माळावर मेंढरं घेऊन उतरली होती. सुलेखा तिच्यासमोर दगडावर बसली. तिने आडवळण घेतलं नाही.

"बानाबाई, पटका मुंजाबांनी कारभारींच्या डोक्याला बांधला. सोडला कोणी?"

बानाबाईच्या हातातली लोकर कातायची चाती थांबली.

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. पटक्याने सांगितलं."

बानाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं देवळातल्या मूर्तीने मान हलवली की माणूस पाहील. मग ती बोलायला लागली आणि थांबलीच नाही.

"मालक पहाटं हौदापाशी पडलेले व्हते. ह्यांनी उचलून लिंबाखाली आणलं. पटका ओढून काढला, मेंढराचा पाय बांधत्यात तसा गच्च बांधला. मला म्हणले, तू बस, म्या सडकंवरून गाडी आणतो. पळत गेले. मालकांनी पाणी मागितलं. म्या वंजळीनं पाजलं. माझा हात धरला त्यांनी. 'द्वारकाला सांग' म्हणले, पर काय सांगू ते निघलंच नाय तोंडातून. आन् गेले."

"आणि पटका?"

बानाबाईने पदर तोंडाला लावला. "माझी सासू सांगायची, जित्त्या माणसाचा पटका मेलेल्याच्या डोस्क्यावं ऱ्हाऊ देऊ नाय. तो त्याला मागं मागं नेतो. माझा नवरा सडकंवर पळत व्हता ताई, गाड्यांच्या मधून. माझा जीव थाऱ्यावं ऱ्हाइना. म्या सोडला पटका. भराभरा सोडला, आन् बिऱ्हाडात नेऊन ठिवला. कुणी गाडी थांबवली नाय. हे परत आले, म्या नव्हते तिथं. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या." ती हुंदक्याने थांबली. "नवऱ्याला वाचवाया सोडला आन् त्यानंच त्यांच्या गळ्यात फास घातला म्या."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"त्यांनी आन घातली. म्हणले, मेलेल्याला हात लावला म्हणून तुला नेतील. म्या एकटा गेलेला बरा. तू गेलीस तर मेंढरं कुणी बघायची?"

वीस पानांच्या आरोपपत्रात खून होता, राग होता, हत्यार होतं. आणि खरी गोष्ट एवढीच होती, एका बाईने घाबरून सोडलेली एक गाठ.

६

"वेडी झालीस का?" अभय सर उभेच राहिले. "पटका बाहेर काढायचा सोडून तू तो आत घेणार? आणि बायकोची साक्ष? सरकारी वकील दोन मिनिटांत म्हणेल, नवऱ्याला वाचवायला रचलं. आणि पटका एकदा मान्य केलास की मागे फिरता येत नाही. जज्जमॅडमना तुझं गणित पटलं नाही, तर जन्मठेप तुझ्या सहीने होईल."

ते खरं होतं. दुसऱ्या सकाळी सुलेखा हर्सूलला गेली आणि दोन्ही वाटा तिने मुंजाबासमोर मांडल्या. पहिली वाट सोपी. सीलची तारीख चुकलेली, पटका रद्द, संशयाचा फायदा, सुटका. दुसरीत सगळं खरं सांगायचं, आणि हरलो तर सगळं गेलं.

बानाबाईने सांगितलं म्हटल्यावर म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग विचारलं, "संशयाचा फायदा म्हंजी काय ताई?"

"कोर्ट म्हणतं, यानेच केलं असं नक्की सांगता येत नाही. म्हणून सोडतो."

"म्हंजी केलं नाय, असं म्हणत नाय."

"नाही."

मुंजाबाचा हात डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. "आमचं प्वाट लोकाच्या वावरात हाय ताई. मेंढरं बसवायला भरोसा लागतो. शेतकरी झोपतो तवा त्याच्या वावरात आमी जागे आसतो. मला संशयावं सोडलं तर कोणत्या गावात जाऊ? कोण म्हणंल, ये, बस? पोरं, नातवंडं, समदी त्याच संशयात." त्याने मान हलवली. "पटका बोलतोय म्हणता ना? मंग बोलू द्या त्याला."

७

कोर्टात सुलेखा उभी राहिली आणि म्हणाली, "मुद्देमाल क्रमांक चार, लाल पटका. बचाव पक्षाला सीलबद्दल हरकत नाही."

सरकारी वकिलांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर अभय सरांनी कपाळाला हात लावला.

आधी डॉक्टरांची उलटतपासणी झाली.

"जखम डोक्याच्या मागे उजवीकडे, आणि मेंदूला ठेच पुढे डावीकडे. बरोबर?"

"बरोबर."

"मी पुस्तकात वाचलंय, पण कोर्टाला तुमच्या तोंडून ऐकू दे. स्थिर डोक्यावर कुऱ्हाडीचा दांडका बसला, तर मेंदू मुख्यतः कुठे ठेचतो?"

"जिथे मार बसला, त्याच्या खाली."

"आणि माणूस पाठीमागे कोसळून डोकं दगडावर आपटलं तर?"

डॉक्टरांनी स्वतःचाच अहवाल पुन्हा उघडला. ते वाचत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं.

"तर आपटलं त्याच्या विरुद्ध बाजूला. डोकं थांबतं, मेंदू थांबत नाही." त्यांनी अहवाल मिटला. "हा नमुना पडण्याचा आहे. मला हे कोणी विचारलंच नव्हतं."

पंचनाम्यातली चप्पल वाचली गेली, तळाचा हिरवट चिकटपणा वाचला गेला. हौदाची कड, त्यावरचं शेवाळ, मोटारीचं पाणी दगडावरून तासभर वाहत राहिलेलं. रक्त दगडावर का सापडलं नाही, ते आता सांगावं लागलं नाही.

बानाबाईची साक्ष झाली. सरकारी वकील हसून म्हणाले, "पटका प्रेताच्या डोक्यावर होता, याला या बाईशिवाय साक्षीदार कोण?"

"पटका," सुलेखा म्हणाली.

तिने द्वारकाबाईंना पुन्हा बोलावलं आणि एवढंच विचारलं, "मालकांची टोपी किती नंबरची?"

"बावीस." टोपी त्यांच्या पिशवीतच होती; टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर, इंचांत.

मग अण्णांच्या दुकानातून आणलेला, फेटे बांधायचा लाकडी साचा टेबलावर आला. घेर बावीस इंच. जज्जमॅडमनी परवानगी दिली. प्रयोगशाळेचे अधिकारी पिंजऱ्यातच होते, त्यांनी हातमोजे चढवले आणि बिनकाठाचं टोक नेहमीसारखं कपाळाशी धरून, सुलेखाने दाखवला तसा, पटका सपाट आणि घट्ट गुंडाळायला सुरुवात केली. एक वळसा झाला, दुसरा झाला. दुसरा डाग बरोबर पहिल्यावर येऊन बसला. तिसरा दुसऱ्यावर. सातवा वळसा पूर्ण झाला तेव्हा अधिकाऱ्यांचे हात थांबले आणि ते स्वतःच वाकून पाहायला लागले.

चाचणीसाठी प्रत्येक डागाच्या मधोमध कापून घेतलेले ते सात चौकोन एकावर एक आले होते. सात थरांतून एकच खिडकी तयार झाली होती, आणि तिच्या तळाशी साच्याचं पिवळं लाकूड दिसत होतं. मागे, जरा उजवीकडे. शवविच्छेदनाने जिथे जखम लिहिली होती, नेमकं तिथेच.

जज्जमॅडम खुर्चीवरून उठून खाली आल्या. असं त्या कोर्टात कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि त्या खिडकीतून आत घातली. पेन्सिल सातही थरांतून सरळ गेली आणि लाकडाला टेकून टक असा आवाज झाला.

"डॉक्टर," त्या तिथूनच म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचं रक्त असे सात थर ओलांडतं का?"

"नाही. हे बांधलं तेव्हा हृदय चालू होतं. बराच वेळ चालू होतं."

सुलेखाने ठरवलेलं भाषण केलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "ज्याला मारायचं असतं, त्याला कोणी आपल्या डोक्यावरचा पटका बांधत नाही." आणि खाली बसली. मागे वळून पाहिलं तर अभय सर उभे होते. तीस वर्षं साक्षीदारांचे पाय बघणारा तो माणूस त्या साच्याकडे लहान मुलासारखा बघत होता.

८

निकालपत्रात संशयाचा फायदा हे शब्द कुठेच नव्हते. मयत कारभारी हौदाच्या शेवाळलेल्या कडेवरून घसरून पडले, आरोपीने त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं, आणि म्हणून तो निर्दोष. सुलेखाने ती ओळ तीनदा वाचली आणि मग मुंजाबाला वाचून दाखवली. तो ऐकत होता आणि बानाबाई त्याच्या शर्टाची बाही धरून उभी होती, तो पुन्हा कुठे जाऊ नये म्हणून.

व्हरांड्यात द्वारकाबाई आल्या. शिवम त्यांच्या मागे, मान खाली घालून. बाई आधी बानाबाईसमोर थांबल्या.

"त्यांनी पाणी मागितलं?"

"व्हय. वंजळीनं पाजलं म्या."

"प्याले?"

"प्याले. तुमचं नाव घेतलं."

द्वारकाबाईंनी बानाबाईचे दोन्ही हात धरले, जुळवले आणि त्या ओंजळीत आपलं कपाळ टेकवलं. येणारे-जाणारे वकील बाजूने वाट काढत होते.

मग त्यांनी पिशवीतून गुलमंडीच्या दुकानाचा पुडा काढला. आत नवा कोरा लाल पटका होता. मुंजाबाने हात पुढे केला नाही, तेव्हा त्यांनीच तो त्याच्या हातावर ठेवला.

"उघड्या डोक्यानं नका जाऊ घरी," त्या म्हणाल्या. "आन् दिवाळी झाली की मेंढरं आपल्याच वावरात आणा. हौदाच्या कडंचं शेवाळ म्या खरवडून घेतलंय."